‘पेट पीव्ह’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पेट पीव्ह’ कशाला म्हणतात?

एखादी बारीकशी गोष्ट, जी बाकीच्यांच्या लक्षातही येत नाही पण दर वेळी तुमच्या डोक्यात जाते, ती तुमची पेट पीव्ह. आतली माणसं बाहेर पडायच्या आधीच लिफ्टमध्ये घुसणारे लोक. ओला चमचा तसाच साखरेच्या डब्यात घालणारा हात. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर हवं असताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सात मिनिटांचा आवाजी निरोप. यात कुणाचं फार नुकसान होत नाही, पोलिसांत जावं असंही काही नसतं, पण कपाळावर आठी पडतेच.

शब्द चपखल बसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. गोष्ट क्षुल्लक हवी, ती वारंवार घडणारी हवी, आणि तिचा त्रास खास तुम्हाला होत असला पाहिजे. तिसऱ्या अटीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. भ्रष्टाचाराची चीड सगळ्यांनाच येते, म्हणून ती पेट पीव्ह नाही. सहीच्या खाली तारीख न घालणाऱ्यांची चीड फक्त तुम्हाला येत असेल, तर ती आहे.

‘पीव्ह’ हा शब्द आला कुठून?

अमेरिकेतून, आणि तसा अलीकडेच. ‘पीव्हिश’ म्हणजे चिडखोर, किरकिरा. हे विशेषण इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. ‘पीव्ह’ मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतला. आधी ‘पीव्हड’ म्हणजे ‘चिडलेला’ हे रूप छापील मजकुरात दिसू लागलं, साधारण 1908 च्या आसपास, आणि पाठोपाठ ‘पीव्ह’ हे नाम आलं.

म्हणजे इथे मूळ शब्द नंतर जन्मला आणि साधित शब्द पाचशे वर्षं आधी. ‘पीव्हिश’च्या शेवटी ‘इश’ दिसतो. ‘चाइल्ड’वरून ‘चाइल्डिश’ होतो, तसा हाही कुठल्या तरी ‘पीव्ह’वरून झाला असणार, असं बोलणाऱ्यांनी गृहीत धरलं आणि नसलेला ‘पीव्ह’ तयार केला.

खुद्द ‘पीव्हिश’चं मूळ पक्कं ठरलेलं नाही. ‘उलटा, वाकडा’ या अर्थाच्या ‘पर्व्हर्सस’ या लॅटिन शब्दाशी त्याचा धागा असावा असा एक तर्क आहे. सुरुवातीचे अर्थ पाहिले तर तो अगदीच हवेतला वाटत नाही, कारण तेव्हा हा शब्द ‘वाकड्यात शिरणारा, वेडगळ’ अशा अर्थाने वापरला जाई. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘पीव्हिश’ आला की तिथे बहुतेकदा ‘हट्टी’ किंवा ‘मूर्ख’ असा अर्थ लागतो. आजचा ‘चिडका’ तिथे बसवला की वाक्य लंगडतं.

असा उलटा बनलेला शब्द चुकीचा मानायचा का?

मुळीच नाही. इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत. ‘एडिटर’ आधी आला, ‘एडिट’ नंतर. ‘बर्गलर’वरून ‘बर्गल’, ‘टेलिव्हिजन’वरून ‘टेलिव्हाइज’. वाटाण्याचा ‘पी’सुद्धा यातलाच. जुना एकवचनी शब्द ‘पीज’ होता. शेवटचा उच्चार अनेकवचनाचा वाटला म्हणून लोकांनी तो छाटला.

संस्कृतात हा प्रकार त्याहून जुना आहे. ‘असुर’ या शब्दातला ‘अ’ मुळात नकाराचा नव्हता. पुढे तो नकारार्थी समजला गेला आणि ‘सुर’ म्हणजे देव हा शब्द उदयाला आला. ‘असित’ म्हणजे काळा, त्यावरून ‘सित’ म्हणजे पांढरा. ‘विधवा’ची फोड ‘वि’ आणि ‘धव’ अशी करून ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द मिळाला. देवांचं नाव ज्या रीतीने तयार झालं, त्याच रीतीने ‘पीव्ह’ झाला, तेव्हा त्याला कमअस्सल म्हणण्यात अर्थ नाही.

यात ‘पेट’ म्हणजे पाळीव प्राणी का?

मुळात हो, पण इथे अर्थ ‘लाडका’ असा घ्यायचा. ‘पेट’ हा शब्द स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा. सोळाव्या शतकात तो माणसाळवलेल्या जनावराला, विशेषतः हाताने दूध पाजून वाढवलेल्या कोकराला म्हणत. स्कॉटिश गेलिक भाषेत ‘पेआता’ म्हणजे पाळलेलं जनावर. त्यावरून लाडाचं मूल, लाडका माणूस आणि पुढे लाडकी कल्पना असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीत ‘पेट थिअरी’ म्हणजे एखाद्याचा आवडता सिद्धान्त, ‘पेट नेम’ म्हणजे लाडाचं नाव.

पेट पीव्हमधला खट्याळपणा इथेच आहे. चीड नकोशी असते, पण माणूस ती जोपासतो, संधी मिळाली की चारचौघांत सांगतो, वर त्याला थोडी मजाही येते. मराठीत ‘त्याचं ते लाडकं रडगाणं’ म्हणताना ‘लाडकं’ जे काम करतं, तेच इथे ‘पेट’ करतो.

आणखी एक ‘पेट’ आहे, त्याचा घोळ होऊ देऊ नका. जुन्या इंग्रजीत ‘इन अ पेट’ म्हणजे रुसून, फुगून बसलेला. हा वापर सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि कोकराच्या ‘पेट’शी त्याचं नातं सिद्ध झालेलं नाही. ‘पेट्युलंट’ हा तिसराच. तो लॅटिनमधून आला आणि आधी ‘उद्धट’ असा होता. पुढे त्याला ‘चिडका’ हा अर्थ चिकटला. त्यात या रुसव्याच्या ‘पेट’चा हात असावा असं मानतात.

हा शब्दप्रयोग लोकप्रिय कुणी केला?

‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाने. 1916 ते 1920 या काळात तिथे ‘द लिटल पेट पीव्ह’ नावाचं एका चौकटीचं व्यंगचित्र येत असे. चित्रकार होते फ्रँक किंग. 1918 मध्ये सुरू झालेली ‘गॅसोलीन अ‍ॅली’ ही त्यांची चित्रमालिका पुढे खूप गाजली.

त्या चौकटींचे विषय आजही ताजे वाटतात. मूकपटाच्या पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारे प्रेक्षक. मागच्या सीटवर बसून गाडी कशी चालवायची हे सांगणारे. दार उघडलं की खाली अडकून गोळा होणारा गालिचा. वाचकही विषय पाठवत. नाटक चालू असताना चॉकलेटचा कागद चुरचुरवणाऱ्यांची तक्रार अशीच आली होती. एका बारा वर्षांच्या मुलाचं गाऱ्हाणं असं, की खेळण्याचे सुटे भाग जमिनीवर मांडून ठेवले की आई नेमकी तेव्हाच झाडायला येते. शंभर वर्षांत मूकपट तेवढे गेले.

‘पीव्हिश’ आणि ‘पीव्हड’ यांत फरक काय?

पहिला स्वभाव सांगतो, दुसरा त्या वेळची मनःस्थिती. ‘ही इज पीव्हिश’ म्हणजे तो चिडका आहे, तिरसट आहे. ‘ही इज पीव्हड’ म्हणजे आत्ता त्याचं काहीतरी बिनसलंय, संध्याकाळपर्यंत ठीक होईल.

‘पीव्हिश’साठी मराठीत झकास शब्द आहे, तो म्हणजे चिडका बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की उततं, फोड येतात. जरा हात लागला तरी अंगावर येणारं हे फळ चिडक्या माणसाला शोभतं. फक्त हा प्रयोग मुलांना चिडवताना किंवा घरातल्या माणसांत चालतो. आजारी, वयस्कर माणसाबद्दल ‘पीव्हिश’ आला असेल तर ‘किरकिरे झालेत’ म्हणावं, दात येणाऱ्या बाळाबद्दल असेल तर ‘किरकिर करतंय’.

मराठीत ‘पेट पीव्ह’ला शब्द काय?

एकाच शब्दात पकडायचा हट्ट धरू नये. मराठी हे काम क्रियापदाने करते. ‘ही गोष्ट माझ्या डोक्यात जाते’ हे रोजच्या बोलण्यातलं सर्वात जवळचं भाषांतर. थोडं सौम्य हवं असेल तर ‘मला खटकतं’. लेखी मजकुरात ‘मला या गोष्टीची चीड आहे’ चालतं.

भाषांतर करणाऱ्यांनी पुढच्या शब्दांपाशी जरा थांबावं. ‘तिटकारा’ आणि ‘तिरस्कार’ फार जड पडतात, त्यांत घृणा आहे. ‘तिडीक’ही वरच्या पट्टीतली. ‘नावडती गोष्ट’ उलट फारच ढिली, कारण कारल्याची भाजी नावडती असू शकते, पण ती पेट पीव्ह नव्हे. ‘वैताग’ प्रसंगाचा असतो, त्यात कायमचेपणा येत नाही. तो आणायचा तर ‘नेहमीचा वैताग’ म्हणावं. ‘पाळीव चीड’ हे शब्दशः भाषांतर विनोदी लेखात एकदा खपेल. बातमीत ते वाचणारा बुचकळ्यात पडतो.

एक साधी चाचणी सांगतो. तुम्ही निवडलेल्या शब्दापुढे ‘उगाचच’ लावून पाहा. ‘उगाचच डोक्यात जातं’ हे कानाला बरोबर लागतं. ‘उगाचच तळपायाची आग मस्तकात गेली’ हे लागत नाही. म्हणजे तो शब्द प्रमाणाबाहेरचा.

वापरताना हमखास चुका कुठे होतात?

भीती, द्वेष किंवा सामाजिक संताप यांना पेट पीव्ह म्हटलं जातं तिथे. ‘माझी पेट पीव्ह म्हणजे झुरळं’ असं नाही म्हणता येत, ती किळस किंवा भीती आहे. माणसालाही हा शब्द लागत नाही. एखादा नकोसा माणूसच डोळ्यापुढे असेल, तर इंग्रजीत ‘बेट न्वार’ म्हणतात. तो फ्रेंच आहे, शब्दशः ‘काळं जनावर’. त्या माणसाची एखादी सवय मात्र तुमची पेट पीव्ह असू शकते. एकदाच घडलेला प्रसंगही बाद: काल गाडी चुकली ही पेट पीव्ह नाही, दोन मिनिटं आधी फलाट बदलण्याची घोषणा करण्याची पद्धत ही असू शकते.

वाक्यात कसा बसवायचा?

सर्वात सुरक्षित साचा म्हणजे ‘वन ऑफ माय पेट पीव्ह्ज इज...’ आणि पुढे क्रियापदाचं ‘इंग’ रूप किंवा ‘पीपल हू...’. अनेकवचन करताना फक्त ‘पीव्ह’ बदलतो, ‘पेट’ जसाच्या तसा राहतो. ‘वन ऑफ माय’ म्हटल्यावर पुढे अनेकवचन लागतंच. आपल्याकडे ही चूक इतर शब्दांतही होते.

‘पीव्हड’पुढे माणूस किंवा गोष्ट असेल तर ‘अ‍ॅट’ आणि विषय असेल तर ‘अबाउट’ लावावा. ‘पीव्हड दॅट...’ अशी पूर्ण वाक्याची जोडणीही चालते. ‘इट पीव्ह्ज मी’ व्याकरणात बरोबर आहे, पण रोज कानावर पडणारा नाही. तिथे ‘इट बग्ज मी’ किंवा ‘इट अ‍ॅनॉइज मी’ जास्त सहज वाटतं.

ब्रिटिश इंग्रजीत हाच शब्द चालतो का?

चालतो, समजतो. पण तिकडचा जुना जोडशब्द ‘पेट हेट’ आहे. अर्थ तोच, ‘हेट’मुळे बिचकू नका. खरा गोंधळ दुसरीकडे होतो. अमेरिकन माणूस ‘टिक्ड ऑफ’ म्हणाला तर तो वैतागलाय. ब्रिटिश माणसाला कुणी ‘टिक ऑफ’ केलं असेल तर त्याला झापलंय.

याच्या आसपासचे शब्द कोणते, आणि कुठला किती तिखट?

खालून वर जाऊ. ‘पीव्हड’ आणि ‘मिफ्ड’ शेजारी बसतात. ‘मिफ’ सतराव्या शतकापासून दिसतो, आणि नाक मुरडताना तोंडातून निघणाऱ्या आवाजावरून तो आला असावा. त्यात रुसवा आहे: ‘मला बोलावलंच नाही’ म्हणून फुगलेला माणूस ‘मिफ्ड’. लिफ्टमध्ये घुसणाऱ्यांमुळे तुम्ही ‘मिफ्ड’ होत नाही, कारण त्यांच्याकडून मानाची अपेक्षाच नव्हती.

‘पीक’मध्ये अभिमान दुखावलेला असतो. फ्रेंच ‘पिके’ म्हणजे टोचणे. ‘इन अ फिट ऑफ पीक’ म्हणजे फणकाऱ्याने. हाच शब्द कुतूहल चाळवणं या अर्थाने येतो तेव्हा त्याचं स्पेलिंग हमखास चुकतं. शिखराचा ‘पीक’ आणि डोकावण्याचा ‘पीक’ वेगळे, इथे शेवटी ‘क्यू-यू-ई’ लागतं. ‘नेटल्ड’ही टोचण्यातलाच. नेटल ही अंगाला लागली की आग करणारी वनस्पती. आपल्याकडच्या खाजकुयलीचा अनुभव असेल त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

‘इर्क’ चौदाव्या शतकातला, आधी ‘कंटाळणे, थकणे’ असा होता. सतत चालणाऱ्या त्रासाला तो चांगला बसतो. ‘अ‍ॅनॉय’ मधल्या पायरीवरचा, सगळीकडे चालणारा. जुन्या फ्रेंचमधून तो आला आणि त्याच्या तळाशी ‘इन ओडिओ’ हा लॅटिन प्रयोग आहे, म्हणजे ‘द्वेषाचा विषय’. जन्माच्या वेळी जहाल असलेला हा शब्द वापरून वापरून मवाळ झाला. कंटाळा या अर्थाचा ‘आँन्वी’ हा त्याचा सख्खा भाऊ.

‘व्हेक्स’ लॅटिन ‘व्हेक्सारे’वरून आला, म्हणजे हलवणे, छळणे. बोलण्यात तो आता जुनाट वाटतो, कायद्यात मात्र ठणठणीत आहे. उठसूट निरर्थक दावे लावून लोकांना छळणाऱ्यांना आवर घालायला महाराष्ट्रात 1971 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या इंग्रजी नावात ‘व्हेक्सेशस’ हाच शब्द आहे.

वरच्या टोकाला ‘एक्झास्परेटेड’, म्हणजे हात टेकलेला. लॅटिन ‘अ‍ॅस्पर’ म्हणजे खरखरीत. याच्या पुढे खरा राग सुरू होतो.

‘डिसग्रंटल्ड’ या मापात बसत नाही, कारण तो चिडीपेक्षा साठलेल्या नाराजीचा शब्द आहे: बढती हुकलेला कर्मचारी. त्यातला ‘डिस’ नकाराचा नाही, जोर देणारा आहे. ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणे. तरी विसाव्या शतकात गमतीने ‘ग्रंटल्ड’ म्हणजे ‘खूश’ असा शब्द काढला गेलाच. ‘असुर’वरून ‘सुर’, तसाच.

मुलाखतीत ‘तुमची पेट पीव्ह सांगा’ म्हणाले तर?

त्यांना तुमची चीड ऐकायची नसते. कटकटीच्या वेळी तुम्ही काय करता हे पाहायचं असतं. कामाशी संबंधित, छोटी आणि दुरुस्त होण्यासारखी एखादी गोष्ट निवडा. ती एका वाक्यात सांगा, पुढच्या वाक्यात तुम्ही त्यावर काय करता ते सांगा आणि थांबा. उदाहरणार्थ, मीटिंगचे विषय आधी कळवले जात नाहीत, म्हणून मी आदल्या दिवशी स्वतःच तीन ओळींची यादी पाठवून ‘हे बरोबर ना?’ असं विचारतो.

जुन्या साहेबांचं नाव, पगार, सहकाऱ्यांची भाषा किंवा पेहराव यांत शिरू नका. ‘मला कशाचाच राग येत नाही’ हेही उत्तर वाईट. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

भाषेतल्या चुका डोक्यात जातात, त्यालाही हेच म्हणायचं?

हो, आणि इंग्रजीत अशा तक्रारींना थट्टेने ‘पीव्हॉलॉजी’ म्हणतात. मराठीत ‘मी तुझी मदत करतो’ हे ऐकून कळवळणारे घरोघरी सापडतील. मराठीत ‘तुला मदत करतो’, ‘तुझी’ हा हिंदीचा साचा. ‘आणी’, ‘दुध’ हे लिहिलेलं पाहून जेवण न जाणारेही आहेत.

भारतीय कार्यालयांतल्या इंग्रजीबद्दल मात्र जरा सबुरीने घ्यावं. ‘उत्तर देणे’ या अर्थाचा ‘रिव्हर्ट’ परदेशी ग्राहकाला पाठवण्याच्या मेलमध्ये टाळलेला बरा, त्याला तो ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा कळतो. ‘प्रीपोन’ आता इंग्रजी कोशांतही आहे, त्यावर खार खायचं कारण उरलेलं नाही.

शेजाऱ्याचा रात्रीचा लाउडस्पीकर ही पेट पीव्ह आहे का?

नाही, तो उपद्रव आहे. कायद्यात त्यासाठी ‘न्यूसन्स’ हा शब्द येतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 मध्ये आहे. तक्रार लिहिताना ‘पेट पीव्ह’ किंवा ‘मला खटकतं’ असली भाषा ठेवू नका, तुम्हीच नाजूक आहात असा अर्थ निघतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि आवाज किती वेळ चालला ते लिहा.

कुणी मचमच करत जेवलं की तिथे बसवतच नाही. हीसुद्धा पेट पीव्हच?

नुसती आठी पडत असेल तर हो. पण चावण्याचा, घोट घेण्याचा, श्वासाचा आवाज आला की छातीत धडधडतं, पळून जावंसं वाटतं, एकत्र जेवणं बंद झालंय, अशी गत असेल तर तिला ‘मिसोफोनिया’ म्हणतात. हा शब्द 2001 च्या सुमाराचा, ग्रीक मुळांवरून बनवलेला. अशा वेळी कानाच्या तज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. घरच्यांनी ‘नाटकं करते’ म्हणून सोडून देऊ नये.

मराठीत लिहिताना ‘माझा पेट पीव्ह’ की ‘माझी’?

दोन्ही ऐकू येतात. उसन्या शब्दाचं लिंग जवळच्या मराठी शब्दावरून ठरतं: मनात ‘राग’ असला की ‘माझा’, ‘चीड’ असली की ‘माझी’. आम्ही ‘माझी’ वापरतो. एका मजकुरात एकच ठेवावं. ‘पीव्ह’मधला ‘पी’ दीर्घ, आणि ‘पेट’चा ‘पे’ आखूड, ‘पेन’मधल्यासारखा. रोमन लिपीत ‘पीव्ह’च्या मध्ये दोन ‘ई’ येतात. ‘ई-ए’ लिहिलं की चुकलं. दोन शब्दांमध्ये जोडरेघ नको.